एक्स-रे सेंटरची पुण्याची लाइन

त्या सेंटरचं मॉडेम आणि राऊटर संडासाच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवलेले होते. दार उघडलं की फिनेल आणि मुतारी यांचा मिळून एक वास यायचा, आणि तो डोळ्यांना झोंबायचा. मॉडेमच्या जाळीत पालीच्या लेंड्या. वायरींच्या गुंत्यावर कुणीतरी गुटखा थुंकलेला, तो वाळून काळा झालेला. मी नाकाला ओढणी बांधून आत डोकं घालायचे. बाहेर आल्यावर मात्र काचेचं दार, एसी, प्लास्टिकची सूर्यफुलं आणि भिंतभर बोर्ड: पुण्याच्या तज्ज्ञ डॉक्टरांचा ऑनलाइन रिपोर्ट, तासाभरात.

मंचरला आमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. ब्रॉडबँड नुकतं घरोघरी यायला लागलेलं, आणि लोडशेडिंग तर पाचवीला पुजलेलं. माझं माहेर महाळुंगे पडवळ. वडील एसटीत कंडक्टर होते. त्यांनी मला पुण्यात ठेवून हार्डवेअरचा कोर्स करू दिला. लग्नानंतर आम्ही दोघांनी दुकान टाकलं. नवरा काउंटर सांभाळायचा आणि मी स्कूटीवर पिशवी टाकून बाहेरची कामं करायचे. कुठंही गेले की लोक आधी माझ्या मागं बघायचे. "मेकॅनिक कुठाय?" मी पकड काढून खाली बसले की मग गप्प व्हायचे.

एक्स-रे सेंटरचा मालक पूर्वी औषधाचं दुकान चालवायचा. नंतर प्लॉटिंग केलं, मग हे. स्वतः डॉक्टर नव्हता. गळ्यात सोन्याची साखळी, बोलणं गोड, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची सवय. माझ्या बाबतीत तो हात हवेतच थांबवायचा, एवढं मात्र कळायचं त्याला.

त्याने फोन करून बोलावलं. "ताई, पुण्याची लाइन कधी लागती, कधी न्हाई. लई दिवस झाले. आता गुरुवारी जुन्नरचे पार्टनर येणारेत, तिथं दुसरं सेंटर टाकायचंय. त्यांच्यासमोर पुण्याचे डॉक्टर लाइव्ह फोटो बघताना दिसले पाहिजेत."

म्हणजे लाइन बरेच दिवस बंद-चालू होती. पेशंट रोज येत होते. आणि याला जाग आली ती पार्टनर येणार म्हणून. तेव्हाच मला कसंतरी झालं होतं, पण धंदा म्हटला की एवढं चालतं असं मी स्वतःला सांगितलं.

पुण्याची लाइन म्हणजे वेगळी वायर नव्हती. एक्स-रे काढला की फोटो आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर यायचा. पुण्यातले डॉक्टर आपल्या घरी बसून इंटरनेटवरून तो कॉम्प्युटर उघडायचे, फोटो बघायचे आणि रिपोर्ट मेलने पाठवायचे. त्यासाठी राऊटरमध्ये लिहून ठेवावं लागतं, की बाहेरून अमुक नंबरच्या पोर्टवर कुणी आलं तर त्याला आत तमुक पत्त्याच्या कॉम्प्युटरकडे पाठव. याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. एकदा नीट लिहिलं की त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. म्हणून तर ते कधी चालतं आणि कधी नाही हे ऐकलं की आमच्यासारख्यांचं डोकं उठतं. पूर्ण बंद असलेली वस्तू दुरुस्त करणं सोपं. मूड लागेल तशी चालणारी वस्तू माणसाला वेड लावते.

पहिल्या दिवशी मला वाटलं मॉडेम तापत असेल. त्या कपाटात काय नाही तापणार? अडॅप्टर बदलला, लेंड्या ब्रशने झाडल्या, कपाटाचं दार काढूनच टाकलं. दुकानात नवऱ्याला फोन केला, "बाहेरून लावून बघा." तो म्हणाला, "लागलं." मी हात धुतले, साबण लावून पुन्हा धुतले आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी लाइट जाऊन आली आणि मालकाचा फोन. "ताई, परत ये रे माझ्या मागल्या."

दुसऱ्या वेळी मी सकाळीच गेले. बाकावर पेशंट बसलेले होते. त्यात एक जोडपं होतं, आहुप्याचं. आहुपे म्हणजे पार वर, डोंगराच्या कडेला. तिथून पहाटेची एसटी धरून घोडेगावला आणि तिथून मंचरला यायचं म्हणजे अर्धा दिवस. नवरा चाळिशीचा असेल, पण गालाची हाडं वर आलेली. अंगावर टॉवेल लपेटून बसलेला, आणि खोकला आला की तोंड भिंतीकडे फिरवायचा. बायको पिशवी मांडीवर धरून बसली होती. रिसेप्शनवरच्या मुलीने तिला दोनदा सांगितलं, "ओ मावशी, तिकडं सरकून बसा, इथं खोकू नका." खोकत होता नवरा, आणि सरकायला सांगत होती बायकोला. बायको सरकली.

लाइन नेमकी तुटते कधी ते बघायला मी मॉडेमची टेलिफोनची वायर काढून हातात घेतली आणि राऊटर नुसता आतल्या आत तपासायला लागले. म्हणजे त्या वेळी त्या इमारतीतून पुण्याला काहीही जात नव्हतं आणि पुण्याहून काहीही येत नव्हतं. राऊटरकडून येणारी केबल बघायला मी ती वायर हातात घेऊनच आतल्या खोलीत टेबलाखाली बसलेली. तेवढ्यात माझ्या डोक्यावर प्रिंटर सुरू झाला. एक्स-रे काढणाऱ्या ऑपरेटरने कागद ओढून घेतला, पाकिटात फोटोसोबत घातला आणि दारात जाऊन हाक मारली, "आहुप्याचे पेशंट कोण?"

बायको उठली. त्याने पाकीट तिच्या हातात दिलं. "पुण्याच्या डॉक्टरांनी बघितलंय. फोटो चांगलाय. काय न्हाई छातीत. घोडेगावच्या तुमच्या डॉक्टरांना दाखवा."

ती दोघं गेली. मी टेबलाखालून बाहेर आले.

"आत्ता तो रिपोर्ट पुण्याहून आला?"

"हो मॅडम."

"कसा आला? लाइनची वायर माझ्या हातात आहे."

त्याने माझ्या हाताकडे पाहिलं आणि हसला. लाजून नाही. आपण दोघं एकाच धंद्यातले, तुम्हाला काय सांगायचं, असं ते हसू होतं. "लाइन नसली की आमी असंच करतो मॅडम. छातीचे बहुतेक सगळे नॉर्मलच निघतात. हाड मोडलं असलं तर ते मलाबी दिसतं की."

मग त्याने मला दाखवलं. मी मागितलं नव्हतं, त्यानेच दाखवलं. आपण कशी युक्ती केली आहे याचं कौतुक व्हावं म्हणून. कॉम्प्युटरवर फायली होत्या. छाती नॉर्मल. गुडघा नॉर्मल. कंबर नॉर्मल. पुण्याच्या डॉक्टरांनी कधीतरी खरोखर लिहिलेले रिपोर्ट, फाकडू इंग्रजीत, खाली त्यांची स्कॅन केलेली सही. नाव आणि वय तेवढं बदलायचं. "दोन मिनिटांत होतं," तो म्हणाला.

मला पहिला विचार काय आला असेल तर माझ्या आईचा. दिवाळीनंतर तिला दम लागत होता म्हणून मीच तिला इथं आणलं होतं, आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून आम्ही घरी जाताना जिलबी घेऊन गेलो होतो. (नंतर मी तिला पुण्याला नेऊन परत तपासलं. तिला खरंच काही नव्हतं. पण त्या जिलबीची आठवण झाली की अजून माझ्या तोंडाला कडू पाणी सुटतं.)

तेवढ्यात मालक गाडीतून उतरून आत आला. ऑपरेटरने त्याला कानात काहीतरी सांगितलं. मालकाने मला आपल्या केबिनमध्ये बोलावलं, पंखा लावला, चहा सांगितला.

"ताई, तुमी हुशार बाई आहात," तो म्हणाला. "आता बघा. लाइन नीट असती तर आम्हाला ही हौस आहे का? लाइन तुटती म्हणून हे करावं लागतं. मग दोष कुणाचा? लाइनीचा."

"पेशंटला सांगायचं ना, लाइन बंद आहे, उद्या या."

"उद्या? आहुप्याहून? एस्टी चुकली तर बिचारी मुक्काम कुठं करतील? आपण त्यांची सोयच बघतो, ताई." खरोखर त्यांची दया आल्यासारखा चेहरा केला त्याने. "तुमी तुमची लाइन तेवढी दुरुस्त करा. दुसरं काय बघू नका."

चहा आला. त्यावर साय धरलेली होती. मी म्हटलं नको.

पिशवी उचलावी आणि तडक निघावं असंच वाटत होतं. पण मी गेले असते तर त्या माणसाचा फोटो त्या कॉम्प्युटरवर तसाच राहिला असता, कुणीही न बघितलेला. त्याचा खोकला मी सकाळपासून ऐकत होते. डॉक्टर असण्याची गरज नव्हती तो ऐकून काही वाटायला. फोटो पुण्याला दिसायचा असेल तर लाइन चालली पाहिजे होती, आणि ती चालवणं तेवढं माझ्या हातात होतं.

मी आतल्या कॉम्प्युटरसमोर बसले. ऑपरेटरला विचारलं, "लाइट आल्यावर हा चालू करताना कधी काही चौकोन येतो का स्क्रीनवर?"

"येतो की. पत्त्याचं कायतरी लिहिलेलं असतं. मी ओके दाबतो."

"रोज?"

"रोज न्हाई. कधी कधी."

दुखणं तिथंच होतं. ज्याने मशीन विकलं त्याने या कॉम्प्युटरला एक पत्ता हाताने लिहून दिला होता, आणि राऊटर पुण्याच्या माणसाला त्याच पत्त्यावर पाठवत होता. पण बाकीच्या कॉम्प्युटरना राऊटर आपणहून पत्ते वाटतो, आणि त्या वाटायच्या पत्त्यांमध्ये हाही पत्ता तसाच मोकळा ठेवलेला होता. लाइट गेली की सगळं बंद. लाइट आली की रिसेप्शनवरची मुलगी आपला कॉम्प्युटर आधी चालू करायची, आणि राऊटर तो पत्ता तिला देऊन मोकळा व्हायचा. मग पुण्याचे डॉक्टर एक्स-रेच्या ऐवजी तिच्या कॉम्प्युटरच्या दारात येऊन परत जायचे. ज्या दिवशी आतला कॉम्प्युटर आधी चालू झाला, त्या दिवशी सगळं ठीक. एवढंच. दुरुस्ती म्हणजे आतल्या कॉम्प्युटरला वाटपाच्या बाहेरचा पत्ता द्यायचा आणि राऊटरमध्ये तो नवा पत्ता लिहायचा. एक कप चहा प्यायला लागतो तेवढा वेळ. आणि या एवढ्याशा कामासाठी या लोकांनी किती छात्या न बघता नॉर्मल करून टाकल्या होत्या, कुणास ठाऊक.

टेलिफोनची वायर परत लावली, मेन स्विच बंद करून चालू केला. मुद्दाम रिसेप्शनचा कॉम्प्युटर आधी लावला, मग आतला. चौकोन आला नाही. दुकानात फोन केला.

"लागलं का?"

"लागलं. पासवर्ड मागतंय," नवरा म्हणाला.

मग मी पुण्याच्या डॉक्टरांना फोन लावला. चाचणीसाठी म्हणून मालकानेच नंबर दिला होता. मला तोपर्यंत वाटत होतं की घाण आहे ती या टोकाला आहे; त्या टोकाला एक शिकलेला माणूस आहे, ज्याची सही हे लोक चोरून वापरतात.

"डॉक्टर, लाइन दुरुस्त झालीय. जरा उघडून बघता का?"

"हं... हो, दिसतंय. बऱ्याच फिल्म साठल्यात की."

"आजची छातीची पहिली उघडा ना. नीट दिसतेय का तेवढं सांगा." ती आहुप्याच्या माणसाची होती, हे मी स्क्रीनवर बघून ठेवलं होतं.

थोडा वेळ माउसचे आवाज आले. मग ते म्हणाले, "फिल्म व्यवस्थित आहे. उजव्या बाजूला वर पोकळी आहे. टीबीच वाटतो. थुंकी तपासायला पाठवा याला लगेच. घरात लहान मुलं असली तर त्यांनाही बघायला हवं."

"डॉक्टर, हा पेशंट मघाशीच गेला. नॉर्मल रिपोर्ट घेऊन. खाली तुमची सही आहे."

मी ओरडणं ऐकायची तयारी केली होती. मालकाचा उद्धार होईल, पोलिसांची भाषा होईल. ते हळू आवाजात म्हणाले, "आपण कोण बोलताय?"

"राऊटर दुरुस्त करणारी."

"हे बघा बाई, हे तुमच्यापाशीच ठेवा. त्यांना सांगितलं होतं मी, अडचणीला एखाद्या वेळी ठीक आहे, सरसकट करू नका म्हणून. मी दुरुस्त रिपोर्ट पाठवतो. तुम्ही पेशंटला काही बोलू नका, उगाच घाबरतील. सेंटर बोलावून घेईल त्यांना."

"कसं बोलावणार? फोन नाही त्यांच्याकडे."

"पत्ता असेल ना."

"पत्ता म्हणजे नुसतं आहुपे लिहिलंय."

"बघतील ते," म्हणाले आणि फोन ठेवला.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. इकडे सही चोरीला गेलेली नव्हती, ती वापरायला दिलेली होती. कपाटातली घाण निदान वास तरी देते. या माणसाचा आवाज किती स्वच्छ होता.

मी कुणाला न सांगता स्कूटी काढली आणि एसटी स्टँडवर गेले. घोडेगावची गाडी लागलेली नव्हती. दोघं टपरीच्या आडोशाला बसली होती. नवरा बशीतून चहा पीत होता. एवढ्या उन्हात टॉवेल अंगावरच.

मी बायकोशेजारी उकिडवी बसले आणि सांगितलं. जेवढं सरळ सांगता येईल तेवढं. आधीचा रिपोर्ट कुणी फोटो बघून दिला नव्हता. आता पुण्याच्या डॉक्टरांनी खरंच बघितलाय. छातीत दोष आहे, औषधाने बरा होतो, पण आजच सरकारी दवाखान्यात चला, थुंकी तपासतील.

ती माझ्यावर उखडली. "मगाशी म्हनले चांगला हाय. आता तू म्हनती वाईट हाय. आमी कुनाचं खरं धरायचं?"

"माझंही धरू नका. दवाखान्यात थुंकीत दिसेल ते धरा."

"परत पैसं मागतील."

"सरकारी आहे. नाही मागत."

"आन् गाडी ग्येली मंजी? घरी लेकरं हायेत, गुरं हायेत." तिने पाकीट माझ्यासमोर नाचवलं. "ह्यो कागद खोटा? सही हाय त्याच्यावर, शिक्का हाय! मंग खरा कागद कसा आसतो, दाव की मला!"

आजूबाजूचे लोक बघायला लागले. तिला दोष कसा देणार? सकाळपासून जो तो तिला नुसतं इकडं सरक, तिकडं सरक करत होता. मी त्यातलीच आणखी एक.

नवरा तोवर चहा संपवत होता. त्याने बशी खाली ठेवली, टॉवेलच्या टोकाने तोंड पुसलं आणि भिंतीला धरून उठला. "चल," तो तिला म्हणाला. "बाई पळत आलीया. उगाच कोन पळतं?"

रिक्षा करून त्यांना दवाखान्यात नेलं. थुंकीत टीबी निघाला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सगळं समजावलं, पोरांना तपासायला आणायला सांगितलं आणि त्यांच्या भागातल्या आरोग्य केंद्रात गोळ्या चालू करून दिल्या. बायको सगळं ऐकत होती.

गुरुवारी पार्टनर आले. लाइन लख्ख चालली. मालकाने मला फोन करून सांगितलं, "एकदम फस्क्लास, ताई! पार्टनर खूश. आता जुन्नरचं काम पण तुमच्याकडंच." मी म्हटलं, मला नको. त्याला कळलं नाही. पैसे वाढवून मागते आहे असं वाटलं त्याला, आणि त्याने आकडा वाढवला.

माझा नवरा म्हणाला, "काम सोड, पण गावात बोभाटा करू नको. आपलं दुकान इथंच आहे." तरी मी गप्प बसले नाही. ओळखीच्या एका खासगी डॉक्टरांना सांगितलं, जे रोज त्या सेंटरला पेशंट पाठवायचे. ते म्हणाले, "अहो, तो रिपोर्ट वाचतोय कोण? आम्ही फिल्म बघतो." मग आहुप्याच्या माणसाला घोडेगावच्या ज्या डॉक्टरांनी पाठवलं होतं त्यांच्याकडे गेले. ते दुसरीकडे बघत म्हणाले, "रिपोर्ट नॉर्मल असला की आम्ही खोकल्याचं औषध देतो. अजून काय करणार?" पंचायत समितीत एका साहेबांना भेटले. ते म्हणाले पेशंटची तक्रार आणा. पेशंटची तक्रार म्हणजे मला आहुप्याला जावं लागणार होतं.

मी गेलेही. देवराईच्या अलीकडे त्यांचं घर. नवरा ओट्यावर बसून दावं वळत होता. चेहऱ्यावर थोडं मांस चढलेलं. बायकोने पाणी दिलं, भात वाढला, आणि तक्रारीचं म्हटल्यावर हात जोडले. "ताय, मानूस बरा व्हतोय. आता आमाला सायबाच्या दारात नको निऊ. तितं आमाला कोन बसाया बी सांगत न्हाई." जेवले आणि परत आले. रानातला हिरडा विकायला ती बाजाराला आली की दुकानात डोकावायची, नवऱ्याचं सांगायची. तो परत रानात जायला लागला. पोरांना काही झालं नव्हतं.

सेंटर चालूच राहिलं. जुन्नरलाही उघडलं.

पुढं एका चतुर्थीला जावेसोबत मी ओझरला गेले होते. दर्शन घेऊन बाहेर आलो तर समोर मालक. कपाळाला अष्टगंध, हातात पेढ्यांचा पुडा. मला बघून खरोखर आनंद झाला त्याला.

"अहो ताई! किती दिवसांनी. बरं झालं भेटलात. जुन्नरची लाइन अगदी तशीच करती बघा. कधी लागती, कधी न्हाई. एकदा येऊन जा की."

"लाइन नसते तेव्हा रिपोर्ट कोण देतं?"

"चालतंय की ते. काय अडत नाय," तो म्हणाला आणि माझ्या हातावर पेढा ठेवला.

जाऊ विचारत होती, कोण हे, कसली लाइन. मी तिला म्हटलं थांब जरा, आणि नळ कुठं आहे ते शोधायला लागले. पेढा एका गाईपुढे ठेवला. हात धुतला. तूप लवकर निघत नव्हतं.